पुराआधी घर आणि दुकान: आपला आकडा काढा, मग सामान हलवा

सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे तासातासाला मोबाइलवर फिरतात, आणि त्यांचं करायचं काय हे बहुतेक घरांत ठरलेलं नसतं. धोका पातळी अख्ख्या शहरासाठी असते. तुमच्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार आणि गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता कधी बंद होणार, हे त्यातून कळत नाही. ते तुमचं तुम्हालाच काढावं लागतं. मे महिन्यातल्या एका सकाळचं काम आहे.

आकडा काढायची रीत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला ५५ आणि २०२१ ला ५६ फूट ओलांडले. त्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर, शेजाऱ्याच्या जिन्यावर किंवा गल्लीतल्या एखाद्या खांबावर असेलच. तुमच्याकडे रंगकामात गेली असेल तर गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणा: पारदर्शक, दहा-पंधरा मीटर लांब, पाण्यानं भरलेली. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर माप सरळ चुकतं. एक टोक खुणेपाशी, दुसरं तुमच्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की तुमच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा.

समजा ही रेघ तुमच्या उंबऱ्यापासून साडेचार फूट वर आली. ५७.५ मधून ४.५ वजा केले की ५३. म्हणजे आयर्विनला ५३ फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला. यातून आणखी एक फूट कमी करा, कारण पुलापासून तुमच्यापर्यंत पाण्याला उतार असतो आणि नाल्यातून, गटारातून येणारं पाणी नदीच्या आधी पोचतं. तुमच्या उंबऱ्याचा आकडा झाला ५२.

खरा आकडा मात्र रस्त्याचा. घरापासून उंच जागेपर्यंत ज्या वाटेनं जाणार ती एकदा चालत जाऊन बघा. एखादी मोरी, नाल्यावरचा पूल किंवा रस्त्याचा खोलगट भाग सगळ्यांत खाली असतो. तीच लेव्हलची नळी टप्प्याटप्प्यानं नेत तो भाग उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे ते मोजा. पाच फूट निघाला तर ५२ वजा ५ म्हणजे ४७. आयर्विनला ४७ झाले की घर कोरडंच असेल, पण तुम्ही अडकलेले असाल.

आता वेळेचा हिशेब. घरातलं सगळं हलवायला किती तास लागतात ते प्रामाणिकपणे मोजा. तीन धडधाकट माणसं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक माळा एवढ्याला नऊ तास सहज जातात. पाणी तासाला चार इंच चढत असेल तर नऊ तासांत तीन फूट. रात्र आडवी येते, लाइट जाते, ऐन वेळी टेम्पोवाला फोन उचलत नाही, म्हणून हे दुप्पट धरा: सहा फूट. ४७ वजा ६ म्हणजे ४१. या घरानं ४१ ला सामान हलवायला घ्यायचं. शहरात ४५ ची धोका पातळी जाहीर होईल तेव्हा इथलं काम संपलेलं असलं पाहिजे.

हे आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा:

४१: सामान हलवायला सुरुवात
४३: म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं आणि जनावरं बाहेर
४६: वीज आणि गॅस बंद करून उरलेले सगळे बाहेर
४७: रस्ता बंद
५२: उंबरा

आकडे लिहिलेले असले की घरातले वाद मिटतात. ‘२००५ ला इथवर आलं नव्हतं’ हे वाक्य प्रत्येक पुरात कुणीतरी म्हणतं, आणि दरवेळी चार माणसं त्यावर विसंबून माळ्यावर बसून राहतात.

गाव नवीन असेल, जुनी खूण मिळत नसेल, तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशात आपली जागा बघा. निळ्या रेषेच्या आतली जागा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषेच्या आतली १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाड्यानं घर किंवा गाळा घेतानाही हाच नकाशा आधी बघावा.

कुठला पूर, किती वेळ

वरचा हिशेब संथ पुराचा आहे. कृष्णेचं पाणी फुगत फुगत येतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला दिवसभराच्या आसपास किंवा थोडं जास्त लागतं, त्यामुळं विसर्गाचा आकडा हा तुमचा आगाऊ निरोप. पण फक्त कोयनेवर डोळा ठेवून भागत नाही. धरणाखालच्या पाणलोटात, वारणेच्या खोऱ्यात पाऊस धरून असेल तर धरण एक थेंब सोडत नसतानाही पाणी चढतं. पंचगंगेचं गणित आणखी वेगळं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट बघितली जात नाही. आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फुगवटा येतो. पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी कोल्हापुरात पाणी हलत नाही ते यामुळं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून वाद दरवर्षी होतात, यंदाही होतील. तुमचा ४१ चा आकडा त्यानं बदलत नाही.

चिपळूण, महाड, खेड इथं हा निवांतपणा नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं आणि पहाटेपर्यंत पहिल्या मजल्याकडे सरकलं होतं. गुरुपौर्णिमा एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाण. खाडीला भरती असते तोवर नदीचं पाणी बाहेर पडत नाही. कोकणात आकड्याऐवजी तीन गोष्टी एकत्र बघा: हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट, सह्याद्रीच्या माथ्यावर दिवसभर न थांबलेला पाऊस, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे रात्री येणारी भरती. तिन्ही जुळली तर पाणी दिसायची वाट न बघता झोपण्याआधी सामान वर न्या, गाडी उंचावर लावा. दहातल्या सात वेळा हे काम फुकट जाईल असं धरून चाला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून आजची वेळ माहीत असली की उद्याची काढता येते.

अलर्टमागचे आकडेही लक्षात ठेवा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ पासून पुढे अतिवृष्टीचं टोक. मोबाइलवर ‘सचेत’ हे ॲप टाकून ठेवा, विजांसाठी ‘दामिनी’. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, एरवी कुठल्याही मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर कागदावरही असू द्या, कारण मोबाइल बंद पडतोच.

डोंगराच्या पायथ्याला घर असेल तर पाण्यापेक्षा डोंगर घातक. महाडजवळच्या तळियेवर कोसळलेली दरड आणि महाड-चिपळूणचा पूर, दोन्ही त्याच २२ जुलै २०२१ चे. उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं आणि खांब, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, न सरकणारी दारं-खिडक्या यांतलं काहीही दिसलं तर सामानाच्या भानगडीत न पडता माणसं हलवा.

मे-जूनमध्ये उरकायची कामं

विजेपासून सुरुवात. तळमजल्यावरची सॉकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर असतात. वायरिंग नव्यानं होणार असेल तर ती जुन्या खुणेच्या वर, निदान छातीच्या उंचीला घ्या, आणि तळमजला व वरचा मजला यांचे एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) वेगळे करून घ्या. खाली पाणी असताना वर दिवा चालवायचा असेल तर याला पर्याय नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा आणि असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे. इन्व्हर्टर बहुधा जिन्याखाली असतो, म्हणजे पाण्याच्या पहिल्या वाटेवर. ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, ती ऐन वेळी एकट्यानं उचलत नाही. तिची कायमची जागाच वर करा.

संडासाचं भांडं आणि बाथरूमची जाळी ही दुसरी वाट. ड्रेनेजची पातळी वाढली की घाण पाणी दारातून यायच्या आधी इथून उसळतं. ज्या चेंबरमधून तुमची लाइन बाहेर जाते तिथं प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि दर जूनमध्ये त्याची झडप साफ करा. केस आणि प्लास्टिक अडकून ती उघडी राहते. तेवढं जमत नसेल तर जाड प्लास्टिकमध्ये वाळूचं पोतं गुंडाळून भांड्यात दाबून बसवायचं, जाळीवर दुसरं पोतं.

दारापुढं पोती लावायची असतील तर ती अर्धी ते दोनतृतीयांश भरा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, दोन पोत्यांत फट राहते. विटांचे थर लावतात तशी सांधे चुकवून रचा, प्रत्येक पोतं पायानं दाबा, आणि पाण्याच्या बाजूला जाड ताडपत्री घालून तिचं खालचं टोक पहिल्या थराखाली घ्या. पोती दीड-दोन फुटांपर्यंतच्या पाण्याला ठीक. त्यापुढं घराला बंद डबा करायच्या नादाला लागू नका. बाहेर तीन फूट पाणी असेल तर तीन फूट रुंदीच्या एका दारावर साडेतीनशे किलोंहून जास्त रेटा पडतो, आणि तोच रेटा भिंतीवरही असतो. नऊ इंची जुनी भिंत, मातीतलं बांधकाम असेल तर आतलं-बाहेरचं पाणी समान होऊ देणंच शहाणपणाचं. घर ओलं झालं तर धुता येतं.

जमिनीखालची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नका. रिकामी सिंटेक्स टाकी भोवतीच्या पाण्यानं उचलली जाऊन वर येते, पाइप तुटतात. तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट करा. गच्चीवरची टाकीही भरलेली हवी, कारण पूर आला की नळाचं पाणी जातं. पाणी उपसणारी जॅकवेल नदीकाठीच असतात, ती बुडाली की अख्खं शहर टँकरवर येतं. कोल्हापूरनं हे दोनदा भोगलंय. प्यायचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज तीन लिटर धरलं तर चौघांना सात दिवसांसाठी ८४ लिटर लागतं, म्हणजे पंचवीस लिटरचे चार कॅन. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला की दूध, भाजी, पेट्रोल तिन्ही आटतं, म्हणून किराणाही त्याच हिशेबानं ठेवा. शिजवायला कमी लागेल असं घ्या: चुरमुरे, फुटाणे, पोहे, गूळ, शेंगदाणे, बिस्किटं, दूध पावडर.

कागदपत्रं एका पिशवीत काढायला जमली पाहिजेत. आधार, रेशनकार्ड, पासबुक, खरेदीखत आणि इंडेक्स टू, सातबारा, आठ अ, विमा पॉलिसी, गाडीचं आरसी बुक, औषधांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाचा फोटो काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवा. डिजिलॉकर उत्तम, पण नेटवर्क गेलं की तोही बंद. पिशवी झिपची आणि दुहेरी. लोखंडी कपाटाच्या लॉकरवर विसंबू नका. गाळ जाऊन आणि गंज चढून ते लॉकर असं जाम होतं की कटर लावावा लागतो.

नदीवरच्या मोटारी आणि स्टार्टर शेतकरी मृगाच्या आसपास वर ओढतातच. बोअरच्या पॅनेल बॉक्सचंही तेच करा.

दुकान, गोदाम, ऑफिस

दुकानदाराची अडचण घरापेक्षा अवघड, कारण माल नेमका याच दिवसांत भरलेला असतो. गणपती, गौरी, दसरा, दिवाळी यांची खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये येते. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर अर्धवट रंगवलेल्या मूर्तीच पाण्यात जातात. ज्यांना शक्य आहे त्यांनी डिलिव्हरी दोन हप्त्यांत मागवावी, मोठा हप्ता पूररेषेबाहेरच्या भाड्याच्या खोलीत उतरवावा. सणापुरत्या दोन महिन्यांचं भाडं भिजलेल्या एका गठ्ठ्यापेक्षा स्वस्त पडतं.

फर्निचर करताना तळमजल्यावर प्लायवुड आणि पार्टिकल बोर्ड टाळा. दोन दिवस पाण्यात राहिलं की फुगून दोन्हीचे थर सुटतात. लोखंडी अँगलचे रॅक, जमिनीला बोल्टनं आवळलेले, धुऊन परत वापरता येतात. रॅकचा सगळ्यांत खालचा खण पावसाळ्यात काच, स्टील, प्लास्टिक असल्या भिजून न बिघडणाऱ्या मालाला द्या, कापड-कागद-औषधं वर. माल कुठल्या क्रमानं हलवायचा याची यादी किमतीच्या नव्हे तर किलोमागच्या किमतीच्या हिशेबानं करा. टेम्पोच्या एका खेपेत सर्वांत जास्त रुपये कशानं वाचतात, तो माल पहिला. मेडिकलवाल्यानं इन्सुलिन आणि लशींचा बर्फाचा डबा आधी, सलाइनच्या बाटल्या शेवटी.

हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर आणि बाहेरही. त्या पेनड्राइव्हनं गल्ल्यातच झोपायचं नाही, तो घरी जायला हवा. सीपीयू टेबलाखाली ठेवायची सवय तळमजल्यावर कायमची मोडा. इमारतीला लिफ्ट असेल तर पाणी चढायला लागताच ती वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, नाहीतर खड्ड्यात साचलेल्या पाण्यात तिचा पाळणा बुडतो. जनरेटर तळघरात असेल तर पुराच्या दिवशी तो असून नसल्यासारखा.

नोकर मंडळींना घरी कधी सोडायचं हाही आकडाच असू द्या. मालकाच्या दुकानाचा रस्ता उघडा असतो तेव्हा हेल्परच्या गावचा पूल पाण्याखाली गेलेला असतो. प्रत्येकाच्या वाटेवरचा सखल पूल कुठला ते विचारून लिहून ठेवा आणि तिथलं पाणी बघून सोडा.

पाणी चढत असताना

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा गाद्या. कापसाची गादी भिजली की चौघांना उचलत नाही आणि वाळतही नाही. मग धान्य, कपडे, पुस्तकं. त्यानंतर टीव्ही, मिक्सर, गिरणी. फ्रिज रिकामा करून उभाच वर न्या. जमत नसेल तर दाराला पट्टा बांधून खिडकीच्या गजाला आवळा. फ्रिज पाण्यावर तरंगतो आणि आडवा पडून बरोबर दाराच्या आड येतो, मग परतल्यावर दार ढकलूनही उघडत नाही. कपाटांचे खण आधीच बाहेर काढा. भिजल्यावर ते फुगून बसतात.

गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडरवर सेफ्टी कॅप लावा, आणि सिलिंडर दोरीनं किंवा साखळीनं खिडकीच्या गजाला बांधा. भरलेल्या घरगुती सिलिंडरचं एकूण वजन तीस किलोंच्या आसपास असतं आणि तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून भरलेलासुद्धा तरंगत निघून जातो. रिकामा तर जातोच.

मेन स्विच पाणी पायरीला लागायच्या आधी, कोरड्या पायांनी, कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून बंद करायचा. नंतर आठवलं तर पाण्यातून जाऊन बंद करायला जाऊ नका, १९१२ ला फोन करून फीडर बंद करायला सांगा. इन्व्हर्टर आधी बंद, मग बॅटरीची वायर काढताना निगेटिव्ह पहिली. छतावर सोलर असेल तर मीटर बंद असूनही दिवसा पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत वीज असते. डीसी स्विच वेगळा पाडावा लागतो.

जनावरं उशिरा हलवली की हलत नाहीत, म्हशी पाण्यात बसून घेतात. ४३ च्या टप्प्याला ती छावणीकडे निघालीच पाहिजेत, सोबत दोन दिवसांचा सुका चारा. काहीही करून नेता आलं नाही तर दावं कापा आणि गोठ्याचं दार उघडं टाका. बांधलेलं जनावर बुडतं, सोडलेलं बहुधा पोहून उंचावर निघतं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवा, पंचनाम्याला लागतो.

बाहेर पडताना वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर काठी टेकवत चाला, गुडघ्याच्या आसपास असेल तर जाऊच नका. दोन फूट वाहत्या पाण्यात चारचाकीचे टायर जमीन सोडतात. पुलावरून पाणी जात असेल तर खालचा रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे वरून दिसत नाही. आणि बोटीची वेळ येऊच देऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढल्यामुळं. अडकल्यावर बोट आली की सगळेच एकदम चढतात. लाइफ जॅकेट नसेल आणि बोट भरलेली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. दोन रिकामे, बूच घट्ट लावलेले पाच लिटरचे कॅन छातीशी बांधले तरी माणूस तरंगतो.

पाणी उतरल्यावर

कशालाही हात लावायच्या आधी फोटो. प्रत्येक खोली, प्रत्येक भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक बिघडलेल्या वस्तूचा मॉडेल नंबर. चिखल साफ केल्यावर काढलेल्या फोटोला किंमत नाही. तलाठ्यांचा किंवा पालिकेचा पंचनामा होईपर्यंत भिजलेला माल ढिगानं बाजूला ठेवा.

गाळ मात्र ओला असतानाच काढायचा. पाणी उतरतंय तेव्हाच, घोटाभर उरलेल्या पाण्यात वायपरनं ढवळून तो बाहेर ढकला. दोन दिवसांनी तो सिमेंटसारखा धरतो आणि खुरप्यानं खरवडावा लागतो. गमबूट, हातमोजे घातल्याशिवाय हात घालू नका. ढिगाऱ्यात, कपाटाखाली, गाद्यांच्या घडीत साप असतात. आधी लांब काठीनं आपटून आवाज करा. चावलाच तर ओरखडे काढणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या.

गाळ धुतल्यावर निर्जंतुकीकरण. दहा लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, निवळी घ्या, फरशी आणि भिंतींचा खालचा भाग पुसा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग धुवा. गाळावरच ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन गाळातच संपतो आणि काही उपयोग होत नाही. ॲसिड किंवा संडास धुवायचं द्रव त्यात अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो. उघडून पडलेली जुनी पावडर निष्प्रभ असते; डब्यातून नाकाला झोंबणारा वास येत नसेल तर टाकून द्या.

पिण्याचं पाणी गाळून, खळखळून उकळून घ्या. उकळणं शक्य नसेल तर अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची एक गोळी वीस लिटरला, आणि अर्धा तास थांबून मग प्या. विहीर उपसून, ब्लीचिंग टाकून ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी) करून घेईपर्यंत वापरू नका. जुलाब लागलेच आणि ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चिखलात काम केलेल्या माणसाला पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आधी सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) शंका तिथूनच येते. प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रातच विचारा.

वीज चालू करायची घाई सगळ्यांना असते आणि पुरानंतरचे अपघात याच घाईत होतात. बोर्ड उघडून, गाळ काढून, वाळवून वायरमनकडून मेगरनं (वायरमधून करंट गळतोय का ते मोजणारं यंत्र) तपासा. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट धुऊन वापरू नका, बदला. ‘चालतंय का बघू’ म्हणून टीव्ही किंवा वॉशिंग मशिनचं बटण दाबणं म्हणजे वाचू शकणारी वस्तू जाळणं. गाडीचंही तसंच. बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारला की सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनी हे तुमच्या हातून झालेलं नुकसान म्हणून नाकारू शकते. बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. इंजिन प्रोटेक्शनचं कलम पॉलिसीत आहे का ते नूतनीकरणाच्या वेळी बघायचं असतं.

घर-दुकानाच्या विम्यात पूर धरलाय का हेही तेव्हाच बघा. एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या ठरावीक पॉलिसी आहेत, त्यांत पूर येतो. बँकेनं कर्जाबरोबर काढलेला विमा पुष्कळदा फक्त इमारतीचा असतो, आतल्या सामानाचा नाही. सीसी (कॅश क्रेडिट) कर्जावरच्या मालाच्या पॉलिसीत पत्ता फक्त दुकानाचा असतो आणि माल मागच्या गल्लीतल्या गोदामात असतो. दावा इथंच अडतो. गोदामाचा पत्ता घालून घ्या. रक्कमही खरी लिहा. वीस लाखांच्या मालाचा दहा लाखांचा विमा उतरवला आणि चार लाखांचं नुकसान झालं तर सरासरीच्या नियमानं दोनच लाख हातात पडू शकतात. कमी रकमेबद्दल तुमच्या पॉलिसीत किती सूट आहे ते एजंटाकडून लेखी घ्या.

नुकसान कळताच कंपनीला फोन आणि ई-मेल दोन्ही करा. धान्य, भाजी, दुधासारखा माल सडायला लागला आणि सर्व्हेअर यायला वेळ असेल तर मोजून, फोटो काढून, ‘अमुक वाजता विल्हेवाट लावत आहोत’ असा ई-मेल आधी टाका आणि मगच तो माल हलवा. भिजलेल्या वह्या आणि बिलं जबरदस्तीनं उलगडू नका, पानं फाटतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवली तर महिनाभरानंही सावकाश वाळवता येतात. नोटा सावलीत वाळवून, चिकटलेल्या तशाच बँकेत न्या.